आईनं अंगावरचा थर टाकला

मंडळी, एक सांगा – अंगावर खूण राहिली, म्हणजे अंगाला खोट आली का? लगेच माना हलवू नका! आधी खिंडीतल्या आईच्या देवळात चला.

तिथली पूजा गुरवांच्या भामाबाईकडे. बाई कशी? गाभाऱ्याच्या दारातून आडवी आत शिरायची! हसा, तीही हसायची. पण साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा." उतरवलं हो! भात सोडला, प्रसादाचे पेढे सोडले, रोज खिंड चढली. वर्षात निम्मी! बायका म्हणायच्या, "भामे, उरलेली कुठं ठेवलीस गं?"

भामा मात्र मोरीचं दार लावून पोटाकडे बघायची. बाळंतपणं झालेली, त्यावर मांस चढलेलं, उतरलेलं – बेंबीखाली पांढुरक्या रेघाच रेघा! मलमं झाली, खोबरेल झालं. एक रेघ हलेल तर शपथ!

आणि आली घटस्थापना. रिवाज असा, की आईला ओलेत्यानं न्हाऊ घालायचं. ओलं लुगडं पोटाला चिकटणार, बायका बघणार! भामानं धाकट्या जावेच्या हाती घागर दिली. "इंदू, औंदापासून तूच घाल. मी आत यायची नाही." सासूनं हातात दिलेली सेवा – पोटाच्या लाजेपायी सोडली! उंबऱ्याबाहेर बसली, डोळे पुसत.

इंदूनं पाणी ओतलं मात्र – धप्प! पिढ्यान्‌पिढ्या चढलेला शेंदराचा थर निखळून पायाशी पडला! आत काळी, सडपातळ, कोवळी मूर्ती. अहो, आईसुद्धा निम्मी झाली होती!

तेवढ्यात इंदू किंचाळली, "ताई! पोटाला तडे गेलेत!"

गावातली सगळ्यांत म्हातारी पारूआजी पुढं सरली. "भंगली गं माझी आई! आता डोहात सोडावी लागंल."

डोहात? भामा उठली. दुसरी भरली घागर होती, ती स्वतःच्याच डोक्यावर ओतली – आणि ओलांडला उंबरा! मूर्तीच्या बेंबीखालून बोट फिरवलं. रेघा गुळगुळीत, दोन्ही कुशींकडं सारख्या उतरलेल्या. बोटाला वाट ओळखीची होती!

"आजी, तडा नाही हा. घडवणाऱ्यानं कोरलंय."

"कशावरनं म्हणतीस?"

भामानं ओला पदर बाजूला केला. "ह्यावरनं."

आजीनं समई उचलली. उजेड या पोटावर धरला, मग त्या पोटावर. रेघेला रेघ ताडून पाहिली. मग कुंकू घेतलं – आधी आईच्या पोटाला लावलं, मग भामाच्या.

इंदूनं गुपचूप घागर पुढं केली. "धरा ताई. तुमचीच आहे."

तर माउल्यांनो, आज घरी जाल, मोरीचं दार लावाल, हातावर तेल घ्याल. रेघा पुसायला नको – आईला न्हाऊ घालताय असं समजून लावा! आणि बाप्यांनो, मघाशी भामाच्या आडवं शिरण्यावर फार हसलात ना? ज्या गाभाऱ्यातून जगात आलात, त्याच्या भिंतींना नावं ठेवू नका!