बोटीतली दोन खाटांची खोली

न्हाई न्हाई, ही बोट नगं, ह्यात उतरायचंच लई हाय — रोज उठून नवं बंदर, रोज उठून उतरा आन् चढा. तू मघापासनं मला बंदरंच दाखवतुयास निरंजन. चित्रं चांगली हायेत, मी कुटं न्हाई म्हणते — ही पांढरी घरं, आत्ताच चुना मारल्यासारखी, खाली निळंशार पाणी — पर हे तू नॉर्वे का काय म्हणतुयास ते तर आपल्या ताम्हिणीवानीच दिसतंय रं, डोंगर, धबधबं आन् पायथ्याला पाणी. आमचे मालक त्येच म्हणत्यात, पाणीच बघायचं तर कासारसाईच्या धरणावर जाऊन बस, तासाभरात पोट भरंल. त्यांना बोट नगंच. घोटावडे फाटा वलांडला की त्यांना घर आठवतं. ते जाऊ दे. मला एवढंच सांग — मधी कुटं न थांबता, नुसतं पाणी, पुढं पाणी मागं पाणी, असं सलग जास्तीत जास्त किती दिवस? हां, ही. मोठा समुद्र वलांडून पल्याड जाणारी. सहा दिवस. आन् त्या सहा दिवसांत कुणाला उतरता येत न्हाई ना? समज एकादीला राग आला, म्हणाली मला आत्ताच्या आत्ता खाली उतरवा — तर? कॅप्टनला सांगितलं तरी न्हाई? मंग हीच. हिच्यावर खूण कर.

आता खोली दाखव. बारक्यातली बारकी. गॅलरी नगं, गॅलरी असली की माणूस उठून गॅलरीत जाऊन बसतं. दोन खाटांच्या मधी किती जागा असती? हितनं त्या फ्रिजपातुर? लई झाली. हात लांबवला तर पोचंल एवढी बघ. आन् ऐन वेळंला दुसरी खोली मागितली तर देत्यात का? बोट भरलेली असली तर न्हाई — मंग भरलेलीच बघ. तू असा का बघतुयास माझ्याकडं? तुला वाटलं असणार, म्हातारीला कुणाचा तरी मुडदा पाडायचाय समुद्रावर. चहा घे, साय धरली त्याच्यावर.

हे बघ, शेखर म्हणाला, आई, तुझ्या सत्तरीला दोन माणसांची सहल माझ्याकडनं, कुटं जायचं ते तू ठरव. त्याच्या लेकीनं, सायलीनं, तुला बाणेरच्या सहलीच्या हापिसातनं धाडला. मंग ठरवतीया मी. पहिलं नाव तुळजाबाई, ते लिवलंयस. दुसरं मालकांचं लिवलंयस ते खोड. खोड म्हणते ना. शेखरला मी सांगीन. लिव — इंदूबाई. कोण म्हणजे? माझी धाकटी जाऊ. ह्या भिंतीच्या पल्याड ऱ्हाती. एकच ओटा, दोन दारं — तू आलास तवा उन्हात वालाच्या शेंगा पसरत हुती बघ, तीच. पासपोर्टाची काळजी नगं, माझ्या आदी तिचा झालाय. तिचा राजू तिला सिंगापूरला घेऊन गेला हुता. तितलं समदं मला पाठ हाय — ओट्यावर बसून तिनं मांजराला सांगितलं, चांगलं चार दिवस, मोठ्या आवाजात. मांजराला काय करायचंय सिंगापूर? मला ऐकवत हुती. बोलत न्हाई ना आमी. सव्वीस वर्षं झाली.

अरं, एका ओट्यावर सव्वीस वर्षं न बोलता ऱ्हायचं म्हणजे काय खायचं काम हाय का — त्याला डोकं लागतं. नळाला पाणी आलं की मी आमच्या कुत्र्याला सांगते, टिप्या, लोकांच्या बादल्या रिकाम्या हायेत वाटतं. लगीच तिकडं बादली वाजती. तिच्याकडं माशाचं कालवण झालं की तिची सून सुनीती वाटी घेऊन येती, म्हणती, आत्यांनी न्हाई दिलं, मीच आणलं. आन् मी वाटी परत धाडते ती रिकामी न्हाई, कायतरी घालून, आन् म्हणते, मी न्हाई दिलं. तिचे मालक गेले, जयसिंग भाऊजी, तवा तेरा दिवस मी तिच्या चुलीवर रांधलं — पर शब्द न्हाई. तिनं ताट घेतलं, मी ताट दिलं. सवयच झाली म्हण. हां, सवयीचं दुःख न्हाई होत, खरं हाय तुझं. पर आता दिवाळी झाली की ती चालली. राजूनं सूसला फ्लॅट घेतलाय, अकराव्या मजल्यावर. मी इचारलं — म्हणजे कुत्र्याला इचारलं — अकराव्या मजल्यावर शेंगा कुटं वाळवायच्या? तिनं मांजराला सांगितलं, तितं गॅलरी हाय म्हणून. झालं. म्हणून म्हणते, तिला सांगायचं न्हाई. तिला वाटंल राजूनं तिकीट काढलं, संगं नात हाय. खोलीचं दार उघडंल आन् खाटंवर मी. सुनीतीला ठाऊक हाय, ती सामील हाय. सहा दिवस. कुत्रं न्हाई, मांजर न्हाई. कुणाशी बोलंल?

कशावरनं बिनसलं? म्हशीवरनं. म्हंजे म्हैस बिचारी निमित्त. आमचा भात एकत्रच असायचा, आंबेमोहोर, सासऱ्यांच्या पाठीमागं आमी वाटून घेतला, पर तिच्या रोपाचा वाफा माझ्या गोठ्याला लागून. लावणीला दोन दिवस ऱ्हायले आन् माझी म्हैस सुटली आन् तिचं समदं रोप खाऊन गेली. एक काडी ठेवली न्हाई. ते साल तिला शेत पडीक टाकायला लागलं. ती आली माझ्या दारात, म्हणाली, बाई, कवाड कुणी उघडं टाकलं? मी म्हटलं भिकूनं. भिकू आमच्याकडं गुरं बघायचा — दोन लेकरांचा बाप, कधी कुणाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. ती म्हणाली, खरं सांगा. मी म्हटलं, खरंच सांगतीया. ती म्हणाली, शेखरच्या डोक्यावर हात ठिवा. शेखर नववीत, भाकरी खात बसला हुता तितंच. ठिवला मी हात.

कवाड भिकूनंच टाकलं हुतं. त्याची चूकच — त्यानं सांजंला कवाडाला दोरी बांधायला पायजे — बांधली हुती म्हण त्यानं, पर मंग मी वैरण टाकायला गेले आन् — गल्लीत कासारीण आली हुती बांगड्या घेऊन, बाया जमल्या, माझ्या मापाच्या हिरव्या संपतील म्हणून मी जरा — तर दोरी — बघ, आता हे लिवू नगंस कुटं. हे मी अजून मालकांनाबी बोलले न्हाई. नव्या बांगड्या हुत्या माझ्या हातात, कोपरापातुर. तोच हात ठिवला पोराच्या डोक्यावर. वाजल्या त्या.

सांगायचंच हुतं मला. दोन दिवसांनी सांगणार हुते. तर शेखरला ताप भरला, साधा न्हाई, पंधरा दिवस उतरंना. मी म्हटलं, लागली शपथ. आता जर म्हटलं की खोटी हुती, तर जे व्हायचं ते माझ्या तोंडानंच व्हायचं. आन् ही इंदू — रोज सकाळी यायची, तांदळाची पेज घेऊन, तिच्या घरात दाणा मोजून असताना — त्याच्या उशाला बसायची, चमच्यानं पाजायची आन् निघून जायची. माझ्याकडं बघायची न्हाई. तो बरा झाला, ती यायची थांबली. मंग सांगायचं कसं? वरीस गेलं, पाच गेली. भिकूला तर मालकांनी दुसऱ्याच दिवशी काढला. उरवड्याला कंपनीत लागला तो, रिटायर झाला, आता कंपनीच्या गेटाशी चहाची टपरी हाय त्याची. मी पिरंगुटला जाताना गाडी तितनं जाती. मला बघितलं की उठून हात जोडतो. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं मला. हात जोडतो.

काय म्हणालास? तिला इचारलंय का? अरं आत्ताच तर सांगितलं, न सांगता न्यायची. तोच तर डाव हाय. तू शिकलेला, तुला — हां. पटतंय मला तू म्हणतुयास ते. न पटायला काय झालं. एकदा कवाड उघडं टाकून गप बसले, आता तिला कोंडून बोलायचं. समुद्राच्या मधी नेऊन, पळता येईना अशी करून, मंग म्हणायचं माफ कर. ते काय माफ करणं झालं का? म्हंल ती, व्हय बाई, केलं, मला झोपू द्या.

तू बस. ते मोबाईलवरचं मिटवू नगंस. पल्याडनं भांडं आपटल्याचा आवाज आला तर उठून येऊ नगंस, आमच्या घरातलं हाय ते. आलेच मी.

*

हायेस का अजून? बरं झालं. चहा परत ठिवू? नगं? पाणी दे मला तेवढं. त्या माठातलं.

शेंगा सोलत हुती. मी गेले आन् समोर बसले खालीच. तिनं वर बघितलं न्हाई. मांजर हुतं, त्याला मी हाकललं. म्हटलं, इंदू, दोरी मी बांधली न्हाई. भिकूनं बांधली हुती, मी सोडली आन् तशीच टाकली. शेखरच्या डोक्यावर खोटा हात ठिवला. एवढंच बोलले, पुढचं मला येईना. ती सोलतच ऱ्हायली. चार-पाच शेंगा झाल्या असतील. मंग म्हणाली, "बाई, मला ठाऊक हाय." सव्वीस वर्षांनीबी 'तुमी'च म्हणती मला, तेवढं सोडलं न्हाई तिनं. म्हणाली, "मी मागच्या दारात भांडी घासत हुते. तुमी कवाड लोटलं आन् पळाला बांगड्यांकडं. दोरी लोंबताना मी बघितली."

मी म्हटलं, मंग त्याच दिवशी का गं बोलली न्हाईस तोंडावर? शपथ कशाला घ्यायला लावलीस? मंग काय म्हणाली माहिताय का निरंजन? म्हणाली, "मी उठले असते तर दोन पावलं हुती. मुद्दाम न्हाई उठले. म्हटलं, सुटू दे हिची म्हैस, हिंडू दे हिला रानभर, लई मिरवती बांगड्या. मला काय ठाऊक, माझ्याच वाफ्यात जाईल."

बघ आता. सव्वीस वर्षं मी भिंतीच्या ह्या अंगाला म्हणतीया, तिला कळलं तर काय हुईल. आन् ती त्या अंगाला म्हणतीया, हिला कळलं तर. आन् दोघींच्या मधी भिकू गेला. त्याचं नाव तिनंच काढलं. मी काढणार हुते, खरंच, पर मी बोटीचा डाव सांगत बसले तवर तिनं आदी काढलं. म्हणाली, "बोट-बीट मंग. आदी उरवडं." उद्या सकाळी सुनीती गाडीतनं सोडणार हाय आमाला. काय बोलायचं ते ठरलं न्हाई. मी म्हटलं, तू बोल, तू सिंगापूर बघून आलीस. ती म्हणाली, थोरल्या तुमी, तुमी बोला. त्याच्यावर आमचं अजून मिटलं न्हाई. पर त्याच्या पोरांसमोर, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर बोलायचं, एवढं ठरलं. तो काय म्हणंल ते म्हणंल. त्याला तेवढा हक्क हाय.

रडले-बिडले न्हाई मी, वालाच्या शेंगांचा वास झोंबतो डोळ्यांला.

आता तुझ्या बोटीचं. ती मोठ्या समुद्राची खूण काढ. काढ म्हणते ना, मीच करायला लावली म्हणून काय झालं. इंदू म्हणती, सहा दिवस नुसतं पाणी आन् समोर तुमचं तोंड? मला जमायचं न्हाई. तिला समद्या बंदरांत उतरायचंय, चुन्याची घरं बघायचीत, ताम्हिणीवानी दिसतं तितंबी जायचंय — ते तुझं नॉर्वे — म्हणती, दिसू दे ताम्हिणीवानी, आपण ताम्हिणी तरी संगं कधी बघितली? आन् खोलीला गॅलरी पायजे म्हणती. कशाला म्हणून इचारू नगंस, मी इचारलं आन् चूक केली. लावून देतील का बोटीवर दोरी? शेंगा न्हाई रं, लुगडं वाळत घालायला. बरं, न्हाई तर न्हाई, आमी बघू तितं गेल्यावर.

खिडकीकडची खाट कुणाची, ते कागदावर लिवत्यात का? न्हाई लिवत? मंग अवघड हाय. मी थोरली हाय, माझी खिडकी. तिला गाडी लागती, ती म्हणंल मला वारं पायजे. व्हय, दोन नावं तशीच ठिव. सही आज करत न्हाई. आदी उरवड्याहून येऊ दे, मंग सायलीला सांगून तुला बोलावते. तो भिकू चहा देईल का न्हाई, त्याच्यावर हाय समदं — दिला तर पिऊन येऊ, न्हाई दिला तर तितंच बसू घटकाभर.

ती बघ, ओट्यावर येऊन बसली. टिप्याला हाक मारतीया. कुत्र्याला कशाला हाक मारतीस गं, मी जिवंत हाय अजून.

ऊठ, निरंजन, तू आता जा. पोर चांगला हायेस, पर दोन बायांच्या मधी बसू नगंस. आमाला खिडकीवरनं भांडायचंय.