मुलीच्या घरचं पाणी

हॅलो?… हॅलो, प्रणोती?… थांब बेटा, आवाज कटून राहिला. मागच्या अंगणात येते… हां, आता बोल.

हो, घेतली… हो गं, खरंच घेतली! समोर दारात उभी आहे.

कार नाही गं. मागच्या फोनवर पण हेच सांगून राहिली होती मी तुला. कॅराव्हॅन… हो, तीच. आत पलंग, ओटा, शेगडी, सगळं… सेकंडहँडच. नवी आपल्याला कशी परवडेल! भेडाघाटच्या एका हॉटेलवाल्याची होती, टूरिस्ट लोकांना फिरवायचा. आता त्यानं काढून टाकली.

हस, हस. समोरच्या हेमलतादीदी तर आरतीचं ताट घेऊनच आल्या. म्हणे, भाभीजी, अब तो घर ही चल पड़ा!… हो, नारळ बाबांनीच फोडला.

काय करायची म्हणजे? तुझ्याकडे यायचं, हैदराबादला… बाबाच चालवतील. फॅक्टरीत जन्मभर मिलिटरीचे ट्रक तपासले त्यांनी, त्यांना नागपूरचा रस्ता काय अवघड? सिवनीच्या पुढे चहाला कुठे थांबायचं, तेही ठरवून ठेवलं.

उतरायचं कुठे?… गाडीतच… प्रणोती, चिडू नको. अगं ऐक ना आधी!

मला माहीत आहे तुझ्याकडे एक खोली रिकामी आहे. अनुपमराव काही म्हणणार नाहीत, तेही माहीत आहे… हो, तेच. तीच गोष्ट. मुलीला मूल होईतोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. तुझ्या आजीनं शेवटच्या दुखण्यात हात धरून वदवून घेतलं नं त्यांच्याकडून. त्या माउलीला तरी काय ठाऊक की…

विसरेन का मी? वास्तुशांतीच्या दिवशी सगळे वर जेवून राहिले होते अन् हे खाली पार्किंगमध्ये उभे, घरून आणलेली बाटली हातात धरून. तुझा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो… मी? मी तर तुझ्या ओट्यापाशी दोन पेले गटागट प्यायली होती. आजपर्यंत कळू नाही दिलं त्यांना… हो नं!

बरं, एक सांगू? रागावशील… तुम्ही ते डॉक्टरांचं सगळं बंद केलं, हे मी बाबांना सांगितलं… अगं, कोणीतरी सांगायला पाहिजे होतं नं बेटा. ते आपले वाट पाहून राहिले होते…

चप्पल घातली अन् नदीवर ग्वारीघाटला जाऊन बसले. संध्याकाळी आले, जेवले नाही. मग म्हणाले, म्हणजे आता मी पोरीच्या घरी कधीच पाणी नाही पिणार काय गं?… मला विचारून राहिले!

दुसऱ्या दिवसापासून या गाड्या पाहणं सुरू. आपलं घर आपल्यासोबत नेऊ म्हणे, तिच्या दाराशी उभं करू. आईचा शब्दही मोडणार नाही अन् पोर रोज डोळ्यासमोर दिसेल… फार आठवण येते गं त्यांना तुझी. तुझी शाळेतली सायकल अजून पुसून ठेवतात. कोण चालवतं ती?

अच्छा, तुमच्या सोसायटीच्या गेटची उंची मोजून सांग, आठवणीनं. गाडी उंच आहे… हो, वॉचमनशी आधीच बोलून ठेव.

चांगली आहे गं गाडी. मळकी होती, मी पडदे काढून धुतले. बाबा तर पोतं टाकून गाडीखालीच पडून राहायचे. मदन महलचा नथ्थू मिस्त्री आला होता. ब्रेक झाले, दाराचं रबर झालं, शेगडीची नळी बदलली. बाबांचं मन भरेच ना. शेवटी नथ्थू म्हणतो, बाबूजी, गाड़ी है, बॉर्डर पे थोड़ी भेज रहे हैं!

फक्त टाकी राहिली… पाण्याची गं, ओट्याखालची. गळते. सकाळी भरली की संध्याकाळी ठणठणीत. नथ्थू म्हणाला, अभी टाँका मार देता हूँ. तर बाबा म्हणाले, रहने दो.

दिसलं नाही कसं? मला बॅटरी धरायला लावून त्यांनीच तर दाखवलं, हे बघ, इथून गळते म्हणून… मी म्हटलं नं, अहो, रस्त्यात पाणी संपलं तर? म्हणे, कॅन घेऊ. अन् तिथं पोचल्यावर? तर म्हणे, तिथं पोचल्यावर पाहू, तिथं प्रणोती आहेच.

हो… हो, हेच म्हणाले… काय?… काय म्हणाली तू?

…थांब. थांब जरा.

अगं बाई… माझ्या ध्यानातच नाही आलं. एक स्क्रू ढिला राहिला तर त्यांना झोप लागत नाही. अन् टाकी तशीच ठेवून दिली!

प्रणोती?… आहे नं तू?… काहून रडून राहिली बेटा? मला पण रडू येईल मग…

शू… ते येऊन राहिले इकडे. टाकीचं नाव काढू नको हं त्यांच्यापाशी. बिचारे लाजतील… तू काहीच नाही ओळखलं, समजली?

हो, प्रणोतीच आहे!… काय?… घ्या नं, तुम्हीच विचारा तिला… बरं, बरं, मी विचारते.

अगं, बाबा विचारून राहिले, तुमच्याकडचं पाणी गोडं आहे की खारं?

…सांग नं बेटा. दारात उभे आहेत ते.

अहो, गोडं आहे म्हणते!… माठ भरून ठेवते म्हणते.

…हो. ठेवते मी.