फाळक्यावरचं नाव

बसा मंडळी, बसा. मागचे जरा पुढं सरका. भिंतीला टेकलेले जे आहेत ना, त्यांनी मात्र टेकूनच बसा. आज तुमच्याविषयीच बोलायचंय — दमलेल्या माणसाविषयी! आमचे टाळकरीसुद्धा जांभया देतायत, दिसतंय मला. द्या बाबा. कामाचे दिवस, सगळ्यांचीच अंगं आंबलीत. माझाही घसा बसलाय. तेवढं विठ्ठलाचं नाव एकदा खणखणीत घ्या... हां! पुरे एवढं. उगीच दमू नका.

तर प्रश्न असा आहे. दमलेला माणूस चिडतो. बायकोवर चिडतो, भावावर चिडतो, आमटीतल्या मिठावर चिडतो! तो राग असतो कुणाचा? ज्याच्यावर काढला त्याचा, की आणखी कशाचा? नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या! नाही ना सुचत? मग ऐका.

हिवरदरी नावाचं गाव. तिथं आनंदा म्हणून एक पिकअपवाला. गावातली ढोबळी मिरची, टोमॅटो भरायचे आणि पहाटे मार्केटला पोचवायचे, हा त्याचा धंदा. गाडी जुनी. किती जुनी? दार उघडायचं तर आधी वर उचलायचं, मग ओढायचं, मग देवाचं नाव घ्यायचं! पत्र्याला गंज, सीटमधून काथ्या बाहेर. रंग म्हणाल, तर मुळात पांढरा असावा असं जुनी माणसं सांगतात!

गाडी घेतली तेव्हा दोघं भाऊ होते. हा थोरला, दिनकर धाकटा. एक दिवस यानं चालवायची, एक दिवस त्यानं. मागचा फाळका असतो ना, माल उतरवताना खाली सोडतात तो पत्रा, त्याच्यावर दोघांची नावं जोडीनं लिहिलेली: आनंदा-दिनकर. पुढं दिनकर पुण्याकडं कंपनीत लागला, आणि दोघांची गाडी एकट्याच्या गळ्यात पडली. दोघांचं काम एकट्यानं ओढायचं म्हणजे काय, हे बायामाणसांना मी सांगायला नको. बाप्यांना सांगतो — पाठ सरळ होत नाही, डोळा लागला तरी झोप होत नाही, आणि कुणी साधं 'कसं काय' विचारलं तरी भांडावंसं वाटतं!

दिवाळीला दिनकर घरी आला. भावाचे खोल गेलेले डोळे त्यानं पाहिले आणि म्हणाला, की दादा, विकून टाक आता ही गाडी, किती ओढशील? काळजीनं म्हणाला हो! पण दमलेल्या कानात काय शिरलं? हा सुटला, मला एकट्याला जुंपून गेला, आणि आता वर शहाणपण शिकवतोय. झालं! बोलणं बंद. भावाचा फोन आला की आनंदा तो पालथा ठेवायचा.

आता मार्केटात आल्या नव्या गाड्या. चकाचक! लोक आधी त्यांना हाक मारायचे. एक शेतकरी तर हसत हसत म्हणाला, "तुझ्या गाडीत घातला की ताजा मालसुद्धा शिळा दिसतो रे." आनंदाला ते लागलं. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. म्हणाला, हिलाच नटवू, पण खिशाला झेपेल एवढंच!

आणि लागला की कामाला. हातोडीनं पोचे काढले. गंज खरवडून खड्ड्यांत लांबी, म्हणजे ती पुट्टी हो, भरली, वरून घासायचा खरखरीत पेपर मारला. चाकांना चंदेरी रंग, बंपरला काळे-पिवळे पट्टे, बाजूनं रेडियम. बायकोनं, सुलोचनानं, रेक्झिनचे उरलेसुरले तुकडे जोडून सीटला कव्हर शिवलं. हिरवं, लाल, निळं — आनंदा म्हणाला, सीट आहे का गोधडी? ती म्हणाली, गोधडीच समजा, निदान बघून तरी झोप आठवेल. बायको बोलली ते खरं बोलली, पण ऐकतो कोण!

राहिला फाळका. अक्षरांसाठी बशीर पेंटर आला. तालुक्यातल्या निम्म्या गाड्यांवर त्याचा हात. डबा उघडला, ब्रश भिजवला, आणि सहज विचारलं, नावं तीच ना?

आनंदा म्हणाला, "एकच लिही. आनंदा. दुसरं पूस."

बशीरनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "आनंदाभाऊ, मयत माणसाचं नाव घरच्यांनी सांगितलं तर पुसतो मी. जित्या माणसाचं पुसत नाय. ते तुमचं तुमी पुसा. मग बोलवा, वरून रंग देतो."

आणि गेला, मंडळी! गिऱ्हाईक सोडून गेला.

आनंदाला आला राग. बादलीभर पाणी घेतलं, पेपर घेतला आणि भर उन्हात बसला भावाचं नाव घासत. घासतोय, घासतोय... चांगला जुना ऑइलपेंट तो, निघतोय होय लवकर? पहिलं अक्षर गेलं. दंड भरून आले. दुसरं निम्मं गेलं. मनात एकच जप — हा गेला, हा सुटला, मी मरतोय. आणि दुसऱ्या अक्षराच्या मधेच माणूस गाडीच्या सावलीला कलंडला. हातात पेपर तसाच, तोंड उघडं. झोपला!

सुलोचना भाकरी घेऊन आली. तिनं फाळका बघितला. नवऱ्याकडं बघितलं. त्याला उठवलं नाही. बाजूला जाऊन दिराला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "भावजी, हे तुमचं नाव पुसतायत. एकट्याला रेटंना झालंय. येऊन हातभार लावा."

काय बाई आहे बघा! रडली नाही, भांडली नाही. आनंदा उठल्यावर मात्र तिनं त्याला सुनावलं. "भावजी पळून गेले म्हणता? दोन चुली एका गाडीवर चालंनात, म्हणून तुमीच त्यांना एसटीत बसवून आलात. विसरलात व्हय?" विसरला नव्हता तो. पण दमलेल्या माणसाला दुसऱ्याची चूक बरी पडते मंडळी. स्वतःचा निर्णय वागवायलासुद्धा ताकद लागते!

रविवारी सुट्टीला दिनकर आला. हातात पिशवी, अंगात कंपनीचाच शर्ट. घरात गेला नाही. पाणी मागितलं नाही. फाळक्यासमोर उकिडवा बसला, बादलीतला पेपर उचलला, आणि लागला उरलेलं नाव घासायला. स्वतःचं नाव! स्वतःच्या हातानं!

आनंदा दारातून बघतोय. वाटलं होतं, येईल, तणतण करेल, मग मीही चार शब्द ऐकवीन. शब्द तयार होते हो! पण भांडायला समोरचा तोंड तरी वर करायला पाहिजे ना? शेवटी आनंदाच जवळ गेला. म्हणाला, "काय करतोयस?"

दिनकर मान खाली घालूनच म्हणाला, "दादा, तू दमलायस. सर जरा. हे मी करतो."

मंडळी... 'तू दमलायस.' इतकी वर्षं हा माणूस हे ऐकायला तरसला होता. दिवाळीलाही भाऊ तेच म्हणाला होता, पण तेव्हा ऐकायची ताकद नव्हती. आनंदा तिथंच मातीत बसला आणि रडला. त्यानं भावाच्या हातातला पेपर काढून घेतला, खिशातली चावी त्या ओल्या हातात ठेवली. म्हणाला, "दिनू, उद्याचा माल तू ने. मला झोपायचंय रे."

दिनकरनं रजा टाकली. पहाटे गाडी निघाली. अर्धवट रंगलेली, लांबीची ठिगळं दिसतायत, मागं थोरल्याचं पुरं नाव आणि धाकट्याचं निम्मं! मार्केटात लोक हसले. आनंदानं ते ऐकलंच नाही. सवयीनं सोबत आला खरा, पण तो शेजारच्या सीटवर घोरत होता, आणि दिनकर क्रेट उतरवताना हमालांना खुणेनं सांगत होता, हळू.

मिळालं उत्तर? तो राग भावाचा नव्हता. तो न झालेल्या झोपेचा होता. फाळका फुकट घासला!

आता तुम्ही घरी जाल. तुमच्यातही कुणी कुणाचं नाव घासायला बसलंय, मला माहीत आहे. डोळे चोरू नका. त्यांना एवढंच सांगतो, आधी पोटभर झोपा. उठल्यावरही पुसावंसं वाटलं, तर खुशाल पुसा, मी अडवायला येत नाही. आणि जे सुखानं झोपतात त्यांनाही सांगतो. आरती झाली की प्रसादाला थांबू नका. तुमच्या वाट्याचं घरात कोण ओढतंय ते तुम्हाला ठाऊक आहे. जा, आणि त्याच्याकडनं चावी मागून घ्या.