डिझेल म्हणायचं नाही

...नाही, पण तुम्हीच मला सांगा, ज्या गाडीत डिझेल घालतात तिला डिझेल म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? गुलाबपाण्यावर चालते म्हणायचं? आणि हे मला शिकवतंय कोण, तर मुख्य ऑफिसातून आलेली जाहिरातवाली, वय माझ्या निम्मं आणि चष्मा माझ्या दुप्पट! म्हणाली, "हे बघा काका, डिझेल म्हटलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे ट्रक उभा राहतो. तुम्ही 'ताकद' म्हणा, 'लांबचा पल्ला' म्हणा, तो शब्द तेवढा तोंडातून काढू नका." बरं, नुसतं बोलून थांबावं की नाही? गाडीच्या पाठीवर डिझेलचं एक छोटं चंदेरी अक्षर होतं, ते नखानं उचकटून पर्समध्ये टाकलं! टाकीच्या झाकणावरचं स्टिकरसुद्धा खरवडून काढलं. का? तर "लूक बिघडतो"!

गाडी कशी होती म्हणता? अहो, काळी कुळकुळीत, बसकी, पाच सेकंदांत शंभरला टेकणारी. पण आठ महिने शोरूममध्ये उभी! लोक यायचे, हात फिरवायचे, आत बसून फोटो काढायचे, आणि मग हळूच, "पेट्रोल ना?" मी म्हणायचो, "डिझेल." की झालं! हात असा मागे, जणू गाडी डसली! "एवढी भारी गाडी घेऊन टेम्पोच्या मागे रांगेत उभा राहू?" "धूर किती सोडते?" एक जण तर नाकाला रुमाल लावूनच उठला, गाडी बंद असताना!

शेवटी मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. साहेबांनी दार लावलं की समजायचं, आपलं काही खरं नाही. "महिनाअखेर ही गाडी गेली पाहिजे. नाहीतर तुम्ही गोडाऊनला. वायपर मोजायला." बावन्न वर्षांचा माणूस मी, बावीस वर्षं गळ्यात टाय बांधून उभा! घरी सांगितलं, तर बायको ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे उद्यापासून टायला इस्त्री नको?" तुम्हाला सांगतो, साहेबांच्या धमकीपेक्षा ते वाक्य जास्त लागलं.

म्हणून मग मी ठरवलं. खोटं बोलायचं नाही हां! खोटं मी जन्मात बोललेलो नाही. फक्त... बोलायचं नाही.

आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दारातून कोण आलं? निवृत्त न्यायाधीश बाई! पांढरे केस, ताठ कणा, आणि नजर अशी, की मी न विचारता शाळेतली कॉपी कबूल केली असती. मागून त्यांचे यजमान, बारीकसे, खिशात हात घालून. बाई गाडीभोवती एकदा फिरल्या आणि म्हणाल्या, "मला डिझेल चालणार नाही. खडखडतं, धूर ओकतं. ही कशी आहे?"

झालं! पहिल्याच फटक्यात! मी म्हणालो, "बाई, मी कशाला सांगू? तुम्हीच चालवून बघा ना." बघा हं, यात खोटं काय आहे? मी खोटं बोललो नाही. मी फक्त बोललो नाही.

बाई चालवायला, मी शेजारी, यजमान मागे. आणि काय चालवली हो! मला वाटलं होतं, वयस्कर बाई, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी चालवतील. अहो, गावाबाहेरचा मोकळा रस्ता लागला आणि बाईंनी पाय असा दाबला की माझी पाठ सीटला चिकटली ती चिकटलीच! एकशे तीस, एकशे चाळीस... मागून यजमान एकदाच म्हणाले, "अगं, हळू." बाई म्हणाल्या, "तुम्ही झोपा." आणि चेहऱ्यावर काय हसू! चाळीस मिनिटं मी एका हातानं पट्टा धरलाय, दुसऱ्या हातानं घाम पुसतोय, आणि मनात म्हणतोय, आता सांगावं... नको, वळण संपू दे... आता सांगावं... नको, हसताहेत तोवर हसू देत...

तेवढ्यात समोर पिवळा दिवा लागला. टाकी रिकामी! शोरूमच्या गाडीत आम्ही तेल ठेवतो ते चमच्यानं मोजून. बाई म्हणाल्या, "तुमच्या गाडीत मी तेल भरते, त्यात काय!" आणि मी तोंड उघडायच्या आत गाडी पंपात! इंजिन बंद, काच खाली, आणि न्यायालयात द्यावा तसा हुकूम, "टाकी फुल करा."

पंपवाल्यानं गाडी बघितली. मागे अक्षर नाही. झाकण उघडलं, आत स्टिकर नाही. एवढी देखणी गाडी, तो बिचारा काय समजणार? त्यानं पेट्रोलचं नोजल उचललं.

आता तुम्ही म्हणाल, ओरडायचं ना! अहो, ओरडायचं म्हणजे काय ओरडायचं? 'डिझेल'! बाईंच्या कानात! आरशात दिसतंय, नोजल आत गेलं. आकडे फिरायला लागले. एक लिटर... दीड... डिझेलच्या इंजिनात पेट्रोल गेलं आणि ते सुरू केलं, की आतला नाजूक पंप खलास, सगळं इंजिन उघडायची पाळी! दोन लिटर... मनात आलं, गप्प बसावं, पोटात दुखतंय म्हणावं, बाईंना रिक्षात बसवावं, गाडी मागाहून उचलून न्यावी, कोणाला कळतंय? तीन लिटर... साडेतीन... आणि बाईंचं बोट गेलं की हो इंजिन सुरू करायच्या बटणाकडे! "गाणी लागतात का बघू," म्हणून!

मी झेप टाकली! बाईंच्या पुढून आडवा झालो आणि दोन्ही हातांनी ते बटण झाकलं, कोंबडीनं अंडं झाकावं तसं, आणि ओरडलो, "हात लावू नका! डिझेल आहे! गाडी डिझेल आहे हो, डिझेल!"

सगळा पंप थांबला. पंपवाल्याच्या हातातून नोजल निसटता निसटता राहिलं. म्हणतो, "साहेब, एवढ्या भारी गाडीत डिझेल कसं असेल?" म्हटलं, बाबा रे, आठ महिने सगळं जग मला हेच विचारतंय!

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी अजून त्यांच्या पुढ्यात आडवाच.

"उठा," त्या म्हणाल्या. मी उठलो.

"हे तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?"

"हो."

"मी थेट विचारलं होतं?"

"हो. पण बाई, मी खोटं नाही बोललो, मी फक्त..."

"बोलला नाहीत. ते मी तीस वर्षं ऐकलंय. असे बरेच लोक मी आत पाठवलेत."

मग काय! ढकलत गाडी बाजूला घेतली, गाडी उचलणारा ट्रक बोलावला, तो यायला दोन तास. हवा भरायच्या यंत्राशेजारी एक बाकडं, त्यावर आम्ही तिघं. मी सगळं सांगून टाकलं. ते अक्षर, ते स्टिकर, गोडाऊन, वायपर, टायची इस्त्रीसुद्धा. आणि मध्येच यजमान खाकरले. म्हणाले, "मला शोरूममध्ये सुरू केल्याबरोबरच कळलं होतं."

बाई गर्रकन वळल्या. "काय?"

"तीस वर्षं जहाजांच्या इंजिनांत काढली मी. डिझेल मला झोपेतसुद्धा ओळखू येतं."

"मग सांगितलं का नाही?"

यजमान शांतपणे म्हणाले, "मी खोटं बोललो नाही. मी फक्त बोललो नाही. तू इतकी छान हसत होतीस."

अहो, मी त्या माणसाचे पाय धरायचा बाकी राहिलो! बाई एकदा त्यांच्याकडे बघताहेत, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता दोघांनाही एकत्रच शिक्षा होणार. मग म्हणाल्या, "चाळीस मिनिटं चालवली, आणि मला कळलं नाही. म्हणजे डिझेलवरचा माझा राग सगळा ऐकीव. ऐकीव पुराव्यावर मी कधी निकाल दिलेला नाही. गाडी घेते. पण टाकी धुऊन, इंजिन तपासून, काय घडलं ते लेखी देऊन. आणि ते अक्षर जिथल्या तिथे लावून." उठता उठता माझ्याकडे बोट दाखवलं. "बटणावर हात ठेवलात म्हणून सुटलात. तो ठेवला नसतात, तर..." 

तर गाडी गेली. मी गोडाऊनला गेलो नाही. मॅनेजरसाहेबांनी पुन्हा केबिनमध्ये बोलावलं, पुन्हा दार लावलं, माझ्या डोळ्यांपुढे वायपर, आणि साहेब उठून हात मिळवताहेत! "कमाल केलीत! मुख्य ऑफिसात तुमचंच नाव! डिझेल विकावं तर तुम्हीच, असं सगळे म्हणताहेत!" मी म्हटलं, चला, बावीस वर्षांनी का होईना, बढती आली. आली ना! सोमवारी सकाळी आली. बाकीच्या शाखांत दीड-दीड वर्ष पडून असलेल्या तीन डिझेल गाड्या, खास माझ्यासाठी, माझ्या टेबलासमोर आणून लावल्यात.

त्यातली एक तर टॅक्सीसारखी पिवळी आहे.