काटा आत गेलाय

वजनकाटे तपासायच्या कचेरीत माझ्या शेजारी किराणा दुकानातल्या सासू-सुना बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर तान्हं बाळ होतं. दुकानाचा काटा आत तपासणीला गेला होता.

"आई, काटा खोटा निघाला तर?"

"शुभ बोल गं! गिऱ्हाईक दारात उभं राहायचं नाही."

"गिऱ्हाइकाचं नाही म्हणत मी. याला दर आठवड्याला दुपटं टाकून त्याच्यावरच ठेवतो ना आपण?"

"मग? वाढतोय की छान. दृष्ट लावशील."

"अंगावर नीट पितच नाही हो. पण काटा म्हणायचा वाढलंय, म्हणून मी गप्प बसायचे."

"आमच्या वेळी कुठले आलेत काटे! कडेवर घेतलं की कळायचं."

"मग घ्या ना. सांगा."

सासूबाईंनी बाळ उचललं. एकदा या कडेवर घेतलं, एकदा त्या कडेवर.

तेवढ्यात निरीक्षक दारात आले. "किराणावाल्या बाई, स्प्रिंग सैल होत चाललीय. खऱ्यापेक्षा जास्त वजन दाखवतोय. शिक्का मिळणार नाही."

सून उठायच्या आत सासूबाईच उठल्या.

"शिक्क्याचं राहू द्या, साहेब. तुमचा खरा काटा कुठंय? आधी याला ठेवा त्याच्यावर."