विकीच्या गाडीचा पंखा

गाडी गार ठेवायच्या नादात लग्न कसं तापतं, ते आमच्या कोऱ्हाळ्याच्या विकीला विचारा. तो सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो.

लग्नाआधी पठ्ठ्यानं गाडीच्या तोंडाला उशीएवढा इंटरकूलर बसवला, टर्बो इंजिनात ढकलतो ती गरम हवा गार करायला. त्यासाठी रेडिएटर मागं सरकवला, तर पंख्याला जागाच उरली नाही. एमआयडीसीतला मिस्त्री म्हणाला, "पंखा कशाला? गाडी पळती ठेवा, वाऱ्यानंच गार राहतीय."

इंदापुरात वरात निघाली. विकी स्वतःच स्टेअरिंगवर. एका गाण्याला गाडी दोन पावलं सरकायची. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला.

मी म्हणालो, "उतर, चालत चल."

"तात्या, मग एवढी गाडी केली कशाला? एक चक्कर मारून गार करून आणतो!"

गेला की! वऱ्हाड रिकाम्या रस्त्यात नाचतंय आणि कार्यालयात सासरे विचारतायत, "मुहूर्त आला, जावई कुठं हायत?"

सासऱ्यांनी फोन लावला, तर विकी म्हणतो, "दारावरनंच चाललोय मामा, पण थांबता येत न्हाय! थांबलं की तापतीय!"

आणि खरंच, तिसऱ्यांदा भर्रकन समोरून गेला.

मग नवरीच हार घेऊन फाटकात आली. "तात्या, फोनवर सांगा त्यांना. पुढच्या चकरेला थांबले तर माझे. न्हायतर गाडीवरच अक्षता टाका, तिच्याशीच लावा लगीन."

विकी थांबला. बॉनेटमधून एवढी वाफ उसळली की नवरा-नवरी दिसेनात. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "कुणी हलू नका! असला धूर भाड्याच्या मशीनलाबी येत न्हाय!"