जबड्यात जबडा

— आणि प्रोफेसर तुम्ही कॉलेजात, माझ्या अंगणात मास्तरच. बसा त्या पाटावर. बोंबलांच्या खाली नको, टोपीवर पाणी गळेल. तर काय म्हणालात? माझ्या लेकीला, शकूला, त्या तिघांबरोबर मुंबईला धाडू? तेच भाषण तिथल्या कॉलेजात परत करायला? चौघांचं भाषण? चौघांचं व्हय! माझ्या चारच यत्ता झाल्यात, मास्तर, पण चारपर्यंत मोजता येतं मला. सुकी मासळी हा विषय शकूनं काढला. महिनाभर बोंबील वाळवायच्या या वलांडीखाली बसून मला विचार-विचारून वही शकूनं भरली. चांगदेवानं काय केलं? तक्ता काढला, भोवती वेलबुट्टी. सदूनं? त्याला ताप आला — भाषणाच्या दिवशी बरोबर उतरला. आणि वकिलाचा कान्हा बोलायला उभा, का तर त्याचा आवाज मोठा! आवाज तर रेवदंड्याच्या लाँचच्या भोंग्याला बी हाय, म्हणून सुकाणू देता त्याच्या हातात?

आणि तो तक्ता! बोंबील शेपटीला टांगलेले! शकूनं सांगितलं तर म्हणे, असेच शोभतात. तुम्ही विचारलंत, शेपटीनं का बुवा? तर कान्हा काय बोलला — पाणी डोक्यातनं निथळावं म्हणून! आणि माना डोलावल्यात की हो सगळ्यांनी!

मला कसं ठाऊक? शकूनं सांगितलं... न्हाय. मीच होते तिथं. मागच्या बाकावर, नवं लुगडं नेसून, टोपली दाराबाहेर ठेवून. 'अरे, जबड्यात जबडा अडकवून जोडीनं टांगतात' असं ओरडली ती बाई मीच. आता ओळखलंत? तुम्ही चष्मा वर करून विचारलंत, बाई, आपण कोण? मी शकूकडं बघितलं. शकू तक्त्याकडं बघत होती. मग मीच म्हटलं — मासळीवाली, दार चुकले. हसलात सगळे. ती चार पोरं बी हसली. व्हय, चारी. चौघांनी मिळून केलेलं तेवढंच एक काम.

पण मी बाहेर पडले, टोपली उचलली आणि दाराआड थांबले, मास्तर. शकूनं कान्ह्याच्या हातातली तक्ता दाखवायची छडी काढून घेतली. उत्तरेचा वारा असला की सुकायला तीन दिवस, आभाळ आलं की पाच, ओला राहिला तर किडा — घडाघडा बोलली, एकदा बी वही न बघता. शब्द न् शब्द माझा. टोपली तशीच डोक्यावर, पाय निघेना माझा. मग टाळ्या वाजल्या, तशी निघाले.

धाडते तिला. पण बोलणार शकू. कान्ह्याला तक्ता धरू दे, दुसरा काढून — बोंबील नीट टांगून. आणि कुणी विचारलं, पोरी, हे तुला शिकवलं कुणी, तर... तिचं तिला ठरवू दे. मी? मी कशाला येऊ मुंबईला? परत दार चुकायला?

मी दाराआड थांबले होते, हे तिला सांगू नका. उठा आता, कावळा बसलाय वलांडीवर. हाऽश! — तुम्हाला न्हाय, मास्तर. बरं, तुम्हाला बी.